तांबड्या स्प्रिंगा

नितेश हसला नसता तर पुढचं काहीच झालं नसतं, असं मी महिनाभर स्वतःला ऐकवत होतो. आता ऐकवत नाही. पण तो हसला हे खरं आहे, आणि तिथूनच सांगायला हवं.

दोन हजार सातचा मार्च. कोल्हापूरच्या बाजूला एका बंद सूतगिरणीच्या आवारात डांबर टाकून ट्रॅक केलेला होता. तिथे रविवारी आमच्यासारखे हौशी लोक गाड्या पळवायला जमायचे. माझी एस्टीम, जुनी घेतलेली. नितेशची झेन. नितेश कणकवलीचा, वयाने माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, तोंडाने दुप्पट. शेवटच्या डाव्या वळणावर माझी गाडी उजवीकडे इतकी कलली की आतलं मागचं चाक अधांतरी झालं, आणि त्याने मला दीड सेकंदाने मागे टाकलं. दीड सेकंदाचं मला काही नव्हतं. पण हेल्मेट काढून तो सगळ्यांसमोर म्हणाला, "सत्यवान, डिकयेत आंबे भरून इलंस काय रे? गाडी पाळण्यासारी हलता ती." आणि सगळे हसले.

मी तिथे एक शब्द बोललो नाही. बोललो नाही म्हणजे राग गेला असं नव्हे. माझा राग घरापर्यंत टिकतो आणि घरी आल्यावर वाढतो.

मला स्प्रिंगांतलं कळत नाही असं कोणी म्हणूच नये. ठाण्याला स्प्रिंगांच्या कारखान्यात मी अकरा वर्षं टेस्टिंगला होतो. दिवसभर स्प्रिंग दाबायची, काटा बघायचा, लिहायचं. कारखाना बंद झाला तेव्हा गावी आलो आणि देवगडच्या अलीकडे आमची हापूसची दीडशे कलमं आहेत ती बघायला लागलो. पण हात शिवशिवायचे. मग कारखान्यातल्या एका जुन्या सोबत्याकडून एस्टीमसाठी स्प्रिंगांचे तीन संच वळून घेतले आणि ओळखायला त्यांना रंग दिले. यातलं गणित सोपं आहे. स्प्रिंग एक सेंटिमीटर दबायला जितके किलो लागतात तितकी ती कडक. पांढरी वीस किलोची, गाडीच्या मूळ स्प्रिंगेएवढी. पिवळी बत्तीसची. तांबडी पंचावन्नची. नरम स्प्रिंग खड्डा स्वतः गिळते, पण वळणावर गाडीला झोपवते. कडक स्प्रिंग वळणावर गाडी ताठ ठेवते, पण खड्डा जसाच्या तसा आत पाठवते. एकाच गाडीने आठवडाभर रस्त्यावर धंदा करायचा आणि रविवारी ट्रॅकवर पळायचं, तर दोन्हीकडे थोडं थोडं सोसावं लागतं. वर्षभर बदलून बदलून बघून मी पिवळ्यांवर येऊन थांबलो होतो. तो निर्णय डोकं थंड असताना घेतलेला होता.

त्या रविवारी घरी आलो आणि हातपाय न धुता जॅक काढला. राग आला की मला मधलं काही सुचत नाही. चारी चाकांना तांबड्या चढवल्या. वर्षाली, माझी बायको, पडवीत उभी राहून बघत होती.

"जेवक येतलंस, काय गाडयेखालीच वाढू?" ती म्हणाली. मी पाना फिरवत राहिलो.

पुढच्या रविवारी नितेशला मी दोन सेकंदांनी हाणला. वळणावर गाडी तसूभर कलली नाही. तो आला, चाकांकडे बघितलं आणि न हसता निघून गेला. एवढा आनंद मला लग्नातही झाला नव्हता. घरी येऊन वर्षालीला तसं सांगितलं तर ती म्हणाली, "तां माका ठाऊक आसा."

खरं म्हणजे सोमवारी तांबड्या काढून पिवळ्या घालायला हव्या होत्या. पण ते तीन तासांचं काम, आणि हंगाम तोंडावर. शिवाय माझ्याकडे कारणही तयार होतं. हंगाम लागला की आमच्याकडचा प्रत्येक टेंपोवाला मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगांत एक पाटा जादा घालून घेतो, पेट्यांचं वजन पेलायला. वजन वाढलं की स्प्रिंग कडक, हे देवगडात पोरासोरांनाही शिकवावं लागत नाही. मीही गाडीतून नऊ पेट्या नेणार, पेटी वीस किलोची, म्हणजे एकशेऐंशी किलो. मग तांबड्या राहिल्या तर बिघडलं कुठे? उलट बरंच झालं. असं ठरवून टाकलं आणि स्वतःवर खूशही झालो.

माझ्या निवडक पेट्या टेंपोने जात नसत. मुंबईला माझा मावसभाऊ सुशांत राहतो. त्याच्या सोसायटीतल्या लोकांना रंग धरलेला आंबा लागायचा, घरी गेल्यावर दोन-तीन दिवसांत खाता येईल असा. म्हणून आंबा आधी गवताच्या आढीत चार-पाच दिवस ठेवायचा, मग पेटी भरायची, आणि एस्टीमची मागची सीट काढून मी स्वतः पेट्या तळेऱ्यापर्यंत न्यायच्या. तिथून संध्याकाळची मुंबईची बस. आमच्याकडून तळेरे दीड तास. त्या वर्षी त्याला रस्ता म्हणायचं ते केवळ सवयीने.

आंबा उतरवणं आणि पेटी भरणं हे काम बाबूचं. बाबू माझ्या वडिलांच्या वेळेपासून आमच्या बागेत, बावीस वर्षं. आता छप्पन्न वय. मी त्याला बाबूदादा म्हणतो. झेला म्हणजे लांब काठी, टोकाला जाळं आणि देठ कापायचं पातं. तो घेऊन बाबू झाडावर चढला की आंबा देठासकट अलगद खाली यायचा. तरी एखादा सुटतो. जमिनीवर पडलेल्या आंब्याला आम्ही पडीचा म्हणतो. वरून तो चांगला दिसतो, पण आत मार लागलेला असतो आणि पिकताना तिथे काळा पडतो. पडीचा आंबा पेटीत घालणं यापरता हलकेपणा आमच्या धंद्यात नाही. बाबूची एक रीत होती. आंबा सुटून खाली पडला की तो झाडावरून मोठ्याने सांगायचा, "पडीचो." खाली कोणी असो नसो. शेजारी भाई म्हणून एक बागवाला, त्याच्या बागेपर्यंत ऐकू जायचं. भाई चेष्टा करायचा, "बाबू, हळू बोल रे, आंब्याक लाज वाटतली." बाबू म्हणायचा, "माका वाटाक नको म्हणान सांगतंय."

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सुशांतचा फोन आला. "सत्यवान, खालच्या थरातले निम्मे आंबे काळे निघाले. लोक विचारतायत."

मी म्हटलं, असेल एखादी पेटी तशी. पुढच्या खेपेलाही तेच. या वेळी त्याने आवाज उतरवून विचारलं, "तुझ्याकडे कोणी पडीचे घालत नाही ना?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सुशांतवर चिडता येईना, कारण काळे आंबे त्याच्या ताटात होते. फोन ठेवला आणि तसाच पेट्या भरायच्या शेडमध्ये गेलो. बाबू पेटीत गवत पसरत होता. भाई रिकाम्या पेट्या मागायला आलेला, त्याच्याबरोबर त्याचे दोन गडी. मला कोणी दिसत नव्हतं.

"बाबूदादा, पडीचे आंबे पेटयेत घालूक कधीपासून लागलंस?"

बाबूचा हात गवतातच राहिला. "काय बोललंस?"

"मुंबयक दोनदा काळे आंबे गेले. पेटी तू भरतंस. मी भरणंय नाय, माझी बायल भरणा नाय."

"आंबो खंय आसा? माझ्या हातात दी. मार कसलो तो बघून सांगतंय."

"आंबो मुंबयत आसा. तुझ्या डोळ्यांका आता दिसत नसात तर घराकडे बस. माझा नाव कित्याक घालवतंस?"

याच्या पुढेही मी बरंच बोललो. वडिलांच्या मिठाचं काढलं. भाईच्या गड्यांसमोर काढलं. ते सगळं इथे सांगत नाही, मला लाज वाटते. बाबूने एकदाही आवाज चढवला नाही. त्याने भाईकडे बघितलं, भाई जमिनीकडे बघत होता. मग त्याने झेला भिंतीला नीट उभा करून ठेवला, पंचा खांद्यावर टाकला आणि गेला.

संध्याकाळी वर्षाली म्हणाली, "त्येका एक शब्द इचारूक व्हया होता."

"तू चुलीचां बघ."

"शिरा पडो तुझ्या रागार," ती म्हणाली आणि पुढे आठ दिवस कामापुरतंच बोलली.

भाईच्या तोंडून असो की गड्यांच्या, गजाल गावभर गेली. पडीचे घालणारा म्हणून एकदा नाव झालं की कोणी आपल्या झाडाला हात लावू देत नाही. बाबू तीन बागांत विचारून आला. तिघांनीही माणसं आहेत म्हणून सांगितलं. भर हंगामात, जेव्हा झेला धरता येणारा माणूस शोधूनही मिळत नाही. मग कळलं की तो चिरेखाणीवर जातो, ट्रकमध्ये चिरे भरायला. छप्पन्न वर्षांचा माणूस. मी ऐकलं आणि म्हटलं, बरं झालं. भाईने आपले दोन गडी मला आंबा उतरवायला दिले. सुशांतने तीन आठवडे पेट्या थांबवल्या होत्या, त्याचाही दोष मी बाबूच्याच नावावर टाकला. रविवारी ट्रॅकवर जात होतो. तांबड्या स्प्रिंगांवर गाडी अशी वळत होती की बघत राहावं.

मेच्या सुरुवातीला सुशांत म्हणाला, एक शेवटची खेप पाठव, पण तुझ्या घरच्या माणसाने भरलेली. मी वर्षालीला सांगितलं. आमच्या अंगणात सहा ठेंगणी कलमं आहेत, उभ्याने हात वर केला की आंबा हाताला लागतो. तिने एकेक आंबा हाताने काढला, देठ कात्रीने कापला, पदरात घेतला. आढीत घातला, पाचव्या दिवशी बाहेर काढून निवडला, पेट्या भरल्या. एकही आंबा जमिनीला लागला नाही, मी स्वतः खुर्ची टाकून बघत बसलो होतो. दहा पेट्या झाल्या. नऊ गाडीत मावल्या, एक पडवीत राहिली.

तळेऱ्याला पोचलो. बस आलीच नाही. कुठेतरी बंद पडली म्हणून दोन तासांनी निरोप मिळाला. बसवाल्याला शिव्या घालत नऊ पेट्या घेऊन परत आलो, त्या शेडमध्ये उतरवल्या. दुसरी सोय होईपर्यंत तीन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी पाठवण्याआधी बघावं म्हणून वर्षालीने एक पेटी उघडली. मला हाक मारली नाही, नुसती उभी राहिली. मी जाऊन बघितलं. वरचा थर ठीक. खालच्या थरात हात घातला तर बोट आत गेलं.

दुसरी उघडली. तीच तऱ्हा. सगळ्या नऊ उघडल्या. मागच्या चाकांच्या वर ज्या ठेवल्या होत्या त्या सगळ्यात वाईट.

"तू कशी भरलंस गो पेटी?" मी म्हणालो.

वर्षालीने हातातला आंबा खाली ठेवला. "आता माका हाकलतलंस? हाकल. माझा म्हायार तळेऱ्याकच आसा. त्याच गाडयेन नेऊन सोड, म्हणजे पोचासर मीय काळी होतलंय."

 ती पडवीत गेली आणि राहिलेली दहावी पेटी ओढत आणून माझ्यासमोर उघडली. तीच कलमं, तीच आढी, तेच हात. वरपासून खालपर्यंत एक डाग नाही.

मी बाहेर आलो आणि गाडीच्या मागच्या बाजूवर दोन्ही हात टेकून जोर दिला. पांढऱ्या स्प्रिंगांवर बोटभर खाली बसायची ती गाडी जागची हलली नाही. मी तिथेच, धुळीत बसलो. अकरा वर्षं मी स्प्रिंगा दाबल्या होत्या. शंभर पेट्या घातलेला टेंपो वजनानेच दबून बसतो, त्याला जादा पाटा लागतो, आणि त्यात आंबा असतो हिरवा, दगडासारखा. माझ्या नऊ पेट्यांनी तांबडी स्प्रिंग कशी दबणार? ती दबलीच नव्हती. तिने प्रत्येक खड्डा उचलून त्या नरम आंब्यांना दिला होता, दीड तास, दर खेपेला. मी गाडीचं वजन धरलं, पेट्यांचं वजन धरलं, आणि पेटीत काय आहे ते धरलंच नाही. कारखान्यात असं कोणी केलं असतं तर मी त्याला काम सोडायला लावलं असतं.

मग बाबू आठवला, आणि जो राग मी महिनाभर बाहेर वाटत फिरत होतो तो सगळा परत माझ्याकडे आला. मला माझ्याच कानाखाली मारावीशी वाटली. काळे पडलेले चार आंबे पिशवीत घेतले आणि चिरेखाणीवर गेलो. चालत गेलो. त्या गाडीत बसायची इच्छा नव्हती.

बाबू ट्रकजवळ उभा होता, उजव्या पंजाला फडकं गुंडाळलेलं. मी पिशवी पुढे केली. त्याने एक आंबा घेतला, उलटा केला, अंगठ्याने चाचपला. एवढ्याला किती वेळ लागला? पाणी प्यायला लागतो तेवढा.

"हो पडीचो न्हय," तो म्हणाला. "पडीच्याक मार एका जाग्यार लागता. हो खालसून सपाट दबलो हा. हादरे बसले हत ह्येका."

"माझ्या स्प्रिंगांनी झाला बाबूदादा. माझी चूक."

त्याने आंबा पिशवीत परत ठेवला. "त्या दिवशी माका दाखवलो असतंस तर मी ह्यांच सांगलो असतंय."

"बागेत चल. आत्ता चल."

"माका चार माणसांत बोललंस," बाबू म्हणाला. "हय खाणीर येऊन कानात सांगतंस? चार माणसांत सांग." आणि त्याने चिरा उचलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाईच्या शेडमध्ये गेलो. तिथे रोज सातला चहाला आजूबाजूचे बागवाले जमतात. भाई होता, ते दोन गडी होते, ज्यांनी बाबूला नाही म्हटलं त्यांतले दोघं होते. मी उभ्या उभ्याच सांगितलं की आंबे बाबूने काळे केले नाहीत, माझ्या कडक स्प्रिंगांनी केले.

 मग भाई हसला. त्याच्या मागून सगळे हसले.

"स्प्रिंगेन आंबो काळो होता? आमचे टेंपो पाटो जादा घालून धावतत, आमचो एक आंबो काळो झालो नाय."

मी हिरव्या आंब्याचं सांगितलं, वजनाचं सांगितलं, वीस किलो आणि पंचावन्न किलो सांगितलं. माझा आवाज चढत गेला आणि त्यांची तोंडं मिटत गेली. एकजण दुसऱ्याला हळूच म्हणाला, "गडी गावणत नाय, म्हणान बाबूक सोडवता." तेव्हा मला कळलं मी काय करून ठेवलंय. मी खोटं बोललो ते सगळ्यांनी एका दमात गिळलं होतं, आणि आता खरं बोलतोय तर मी मतलबी ठरलो.

"भाई," मी म्हटलं, "तू येऊन गाडयेत बस. तुझ्या डोळ्यांनी बघ."

"चल. माका काय, गाडी फुकटची."

दोन दिवसांनी मी त्या सगळ्यांना आमच्याकडे बोलावलं, आणि बाबूलाही. तो आला, माझ्या घरात न येता शेडमध्येच बसला. आमच्याच आढीतले आंबे घेऊन त्याने सगळ्यांदेखत दोन पेट्या भरल्या, एकसारख्या, आणि दोन्हींवर खडूने खूण केली. बाकीच्या आठ पेट्यांत मी वीस वीस किलो वाळू भरली, वजन रोजच्याइतकं व्हावं म्हणून. सकाळी तांबड्या स्प्रिंगांवर निघालो. बाबूची एक पेटी मागच्या चाकावर, भाई माझ्या शेजारी. तळेऱ्याला जाऊन परत. पहिल्या पंधरा मिनिटांत भाईने वरचं हँडल धरलं ते शेवटपर्यंत सोडलं नाही. परत आल्यावर उतरून कंबरेला हात लावून उभा राहिला. "आवशीचो घो," एवढंच म्हणाला.

मग सगळ्यांसमोर मी गाडी जॅकवर घेतली आणि तांबड्या काढून पांढऱ्या घातल्या. तीन तास लागले. कोणी उठून गेलं नाही, वर्षालीने दोनदा चहा केला. दुपारी तीच वाळू, दुसरी पेटी, त्याच जागी, तोच रस्ता, तोच वेग. भाई पुन्हा आला. येताना अर्ध्या वाटेत तो झोपला.

दोन्ही पेट्या बाबूने भाईच्या शेडमध्ये ठेवल्या, किल्ली भाईकडे. तीन दिवस.

चौथ्या दिवशी सकाळी सात वाजता सगळे जमले. भाईने स्वतः पेट्या उघडल्या. पांढऱ्या स्प्रिंगेच्या पेटीत साठ आंबे, तीन डागी. तांबड्या स्प्रिंगेच्या पेटीचा खालचा थर हाताने उचलवत नव्हता. भाईने एक आंबा घेतला, दाबला, रस मनगटावर आला. त्याने तो बाजूच्या माणसाकडे दिला, त्याने पुढच्याकडे. बाबूला मागच्या महिन्यात माणसं आहेत म्हणून सांगणाऱ्यांनीही तो हातात घेतला. 

"बाबूची चूक नाय," भाई म्हणाला. "आमी सगळ्यांनी बघलां."

मला वाटलं आता बाबू माझ्याकडे बघेल. मी पुढे काय बोलायचं ते ठरवून आलो होतो. आमच्या शेडमध्ये त्याने भिंतीला उभा केलेला झेला मी पुसून ठेवला होता. बाबूने हात पंचाला पुसले, आणि तो भाईकडे वळला.

"भाई, फाल्या सकाळी किती वाजता येव?"

भाई एक क्षण माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "सातांक ये."

मला भाईचा इतका राग आला की काय सांगू. पण कसला राग? त्याने बाबूला बोलावलं नव्हतं, बाबूनेच विचारलं होतं. मी म्हणालो, "बाबूदादा, घराकडे सोडतंय." तो म्हणाला, "गाडयेत खंयच्यो स्प्रिंगो आसत?" मी सांगितलं, पांढऱ्या. तो बसला.

मी प्रत्येक खड्डा चुकवत गाडी चालवली. त्याच्या घराजवळ थांबलो तरी तो उतरला नाही. शेवटी मीच म्हणालो, "भाईक शब्द दिलंस. पुढच्या वर्सा तरी येतलंस मा?"

बाबू समोरच्या काचेतून बघत होता. "सत्या, त्या स्प्रिंगो तू बदलून बदलून बघतंस. एक घालतंस, काढतंस, दुसरी घालतंस. वर्सभर बघतंस. माका बावीस वर्सां झाली. तू एकदा इचारलंस नाय, बाबू, तू घातलंस काय? सरळ सांगलंस, घातलंस." तो दार उघडून उतरला. "तुझ्या बापाशीन इचारल्यान असतो."

दार त्याने हळूच लावलं. आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

बाबू आल्यावर भाईने आपले दोन गडी परत नेले. दुसऱ्या दिवशी सकाळी झेला घेऊन मीच झाडावर चढलो. कुंपणापलीकडे भाईच्या बागेत बाबू होता, फांद्यांतून त्याचा पंचा दिसत होता. माझा पहिला आंबा जाळ्यात आला. दुसरा आला. तिसरा देठाशी सुटला आणि खाली पाचोळ्यावर पडला. खाली वर्षाली टोपली घेऊन उभी होती. तिने आंब्याकडे बघितलं, मग वर माझ्याकडे. मी फांदीला धरून तसाच उभा राहिलो. पलीकडचा झेला थांबला होता.

"पडीचो," मी म्हणालो. आवाज बसका निघाला. म्हणून पुन्हा म्हणालो, ऐकू जाईल एवढ्याने.

थोड्या वेळाने पलीकडे फांद्या हलायला लागल्या. दुपारपर्यंत मी तो शब्द एकोणीस वेळा ओरडलो. भाईच्या बागेतून तो एकदाही ऐकू आला नाही.